समुद्रावर जाताना चांदाची तारीख पाहा

अंबडच्या मुलांना पाण्याची किंमत शिकवावी लागत नाही. उन्हाळ्यात टँकर आला की तीही बादल्या घेऊन धावतात. मोठे पाणी म्हणजे फार तर शहागडचे गोदावरीचे पात्र. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि त्यांची दादी यांना समुद्र दाखवायचाच, असे आम्ही दोघांनी ठरवले.

जालन्याहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई, गेटवेवरून लाँचने मांडवा, पुढे अलिबागवरून एसटीने मुरूड. पोहोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. समुद्र लांब मागे गेलेला, ओली वाळू दूरवर पसरलेली. दादी बराच वेळ बोलल्याच नाहीत. मग ‘सुब्हानअल्लाह’ म्हणत त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, चाखले आणि तोंड वाकडे केले. मुले पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला आम्ही त्याच जागी सतरंजी टाकली. जवळच जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका वयस्कर कोळीबाबांनी हटकले, “सामान मागं घ्या. आज अवस आहे, बारापर्यंत पाणी वर येईल.” आम्ही मान डोलावली आणि फोटो काढत राहिलो.

थोड्याच वेळात सतरंजी भिजली. ती आवरायला आम्ही दोघेही वळलो, तेवढ्यात परतणाऱ्या लाटेने धाकटीच्या पायाखालची वाळू ओढून नेली. पाणी जेमतेम तिच्या गुडघ्याएवढे होते. तरी ती आडवी पडली आणि आत ओढली गेली. थोरला किंचाळला म्हणून आम्ही पाहिले आणि धावत जाऊन तिला उचलले. अल्लाहचे लाख शुक्र, नाकातोंडात थोडे पाणी जाण्यावर निभावले.

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. ईदचा चांद दिसला की नाही, यावर आपण गच्चीवर तासभर चर्चा करतो. वर्गात भरती-ओहोटी शिकवतो. पण समुद्रावर निघताना चांदाची तारीख पाहणे आम्हाला सुचले नव्हते.

अमावास्या आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी साधारण एका रेषेत येतात. सूर्य-चंद्राची ओढ एकत्र होते आणि उधाण येते. हिजरी महिन्याच्या 14-15 आणि 29-30 तारखांच्या आसपासचे हे दिवस. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी लागून पाणी सर्वांत खाली जाते आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे काल संध्याकाळी सुरक्षित वाटलेली जागा आज दुपारी पाण्याखाली असू शकते.

याच मुरूडच्या किनाऱ्यावर 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. ती कॉलेजात जाणारी मोठी मुले होती. मग लहानग्यांची काय कथा!

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढे पाळावे. भरती-ओहोटीची वेळ आधी स्थानिकांना विचारावी आणि त्यांचे ऐकावे. मूल पाण्यात असेल तोवर एक मोठा माणूस हात पोहोचेल इतक्या जवळ हवा, मोबाईल बाजूला ठेवून. सामान दुसऱ्याने सांभाळावे. हवेच्या ट्यूबवर विसंबू नये, ती मुलाला आत घेऊन जाते. बुरखा, साडी, सलवार भिजली की जड होते, म्हणून आयाबहिणींनी घोट्यापुढे पाण्यात जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. अरबी ‘जझीरा’ म्हणजे बेट, त्यावरून हे नाव. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याचे तलाव! धाकटीने विचारले, “इथं टँकर कसा येतो?”

संध्याकाळी पाणी ओसरल्यावर मुले पुन्हा वाळूत खेळली. या वेळी आमच्यापैकी एकजण सतत त्यांच्या शेजारी उभा होता. पुढच्या सुट्टीत आम्ही पुन्हा जाणार आहोत, इन्शाअल्लाह. तिकिटे काढण्यापूर्वी मात्र कॅलेंडरवर चांदाची तारीख पाहू.