मेण, मधमाश्यांचे

कामकरी मधमाश्यांच्या शरीरातून स्रवणारा व पोळे बांधण्यास उपयोगी पडणारा पदार्थ. संस्कृतमध्ये यास ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात. सामायिक बागांत व उद्यानांत ठेवलेल्या मधुपेट्यांपासून मधाबरोबर मेणही मिळते. उद्यानातील मधमाशीपालनाचे एक जुने उदाहरण पॅरिसचे असून तेथील लक्झेंबर्ग उद्यानात १८५६ मध्ये या विषयाची शाळा स्थापन झाली.

निर्मिती व गुणधर्म : सु. १२ ते १८ दिवस वयाच्या कामकरी माशीच्या उदराखालील ग्रंथींच्या चार जोड्यांतून मेण स्रवते. हवेत त्याचे पातळ खवले बनतात. माशी ते जबड्यांनी मऊ करून षट्‌कोनी कोष्ठे रचते. मेणाचा वितळबिंदू सु. ६२°–६५° से. असून ते पाण्यात विरघळत नाही. त्याच्या निर्मितीसाठी माश्यांना वजनाच्या कित्येक पट मध खर्ची घालावा लागतो. म्हणून आधुनिक पद्धतीत मध यंत्राने काढून रिकामी पोळी पेटीत परत ठेवतात. मेण काढावयाचे ते कोष्ठांवरील झाकणे व जुनी, काळवंडलेली पोळी यांपासूनच. १०० किग्रॅ. मधामागे झाकणांचे मेण सु. १ ते २ किग्रॅ. मिळते, म्हणजे २५ किग्रॅ. मध देणाऱ्या बागेस ते पाव ते अर्धा किग्रॅ.च मिळेल.

शुद्धीकरण : झाकणे धुऊन मृदू पाण्यात मंद आचेवर वितळवितात व कापडातून गाळतात. द्रव सावकाश थंड होऊ दिल्यास मेणाची वडी वर तरंगते. तिच्या तळाचा गाळ खरवडून काढतात. लोखंड व तांबे यांच्या भांड्यांत मेणाचा रंग बिघडतो. मेण ज्वालाग्राही असल्याने कोरडे मेण प्रत्यक्ष आचेवर न ठेवता भांडे गरम पाण्यात ठेवून वितळवितात. काचेचे झाकण असलेल्या पेटीत सूर्याच्या उष्णतेनेही ते वितळते.

उपयोग : एक भाग मेण व तीन-चार भाग तिळेल वा खोबरेल यांपासून टाचांच्या भेगांवरील मलम होते. मेणबत्त्या, टर्पेंटाइन मिसळून केलेले लाकडाचे पॉलिश, धातूंचे ओतकाम व बातिक यांतही मेण लागते. महाराष्ट्रात पूर्वी स्त्रिया कपाळावर मेण लावून त्यावर कुंकू लावीत. मेणाचा एक महत्त्वाचा उपयोग पेटीतच होतो : षट्‌कोनी ठसे उमटविलेला मेणाचा पत्रा चौकटीत बसविल्यास माश्यांचे श्रम व मध वाचतात.

दक्षता : कीटकनाशकांचे मेदविद्राव्य अंश मेणात साठून राहतात. त्यामुळे बागेतील फवारणीवर सर्वांनी मिळून नियंत्रण ठेवल्याखेरीज तेथील मेण शुद्ध राहत नाही. काही रोगजंतूंची बीजुके साध्या वितळविण्याने मरत नाहीत. म्हणून रोगट पोळ्यांच्या मेणाचे पत्रे करू नयेत. मेणात पॅराफिनाची भेसळ होते. मात्र सातेरी व आग्या माश्यांच्या मेणाचा अम्लांक यूरोपीय माशीच्या मेणाहून मुळातच कमी असतो. त्यामुळे केवळ अम्लांकावरून भेसळीचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.