तांब्यात कोरलेलं पाणी

नीरा नरसिंहपूरच्या घाटावर उभं राहिलं की, नीरा भीमेला मिळते तिथं पाण्यावर उठणाऱ्या वळ्या दिसतात. हे पाणी रंग न वापरता, नुसत्या काळ्या रेघांनी कागदावर उतरवायचं तर?

न्यूरेम्बर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररनं १४९८च्या सुमारास ते करून दाखवलं. चित्रात डोक्यावर हरणाचं शिंग अन् कमरेखाली मासा असलेला दाढीवाला एका स्त्रीला पळवून नेतोय. काठावर एक पुरुष हात वर करून धावतोय, मागं डोंगरावर किल्ला. नरसिंहाच्या गावात अर्ध्या माणसाचं कुणाला नवल? या प्रसंगाचा अर्थ काय, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. मला तरी त्यातल्या पाण्याचं कुतूहल जास्त.

ड्यूरर सोनाराचा मुलगा. धातू कोरायला तो बापाच्या हाताखाली शिकला. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणी ढकलत न्यायची. खोल चर जास्त शाई धरतो, म्हणून रेघ जाड उमटते. रेघा दाट घातल्या की सावली, विरळ ठेवल्या की उजेड. करडा रंग कुठंच नसतो; बारीक रेघा एकत्र करून तो आपली नजरच तयार करते.

शाई म्हणजे काजळी आणि कढवून घट्ट केलेलं जवसाचं तेल. आपली पोथीची शाई डिंकाच्या पाण्यात घोटलेली, पातळ. ती इथं कामाची नाही. चिकट शाई पत्रा पुसला तरी चरात टिकते. मग ओलसर कागद वर ठेवून पत्रा दोन रुळांतून दाबून काढतात. मऊ झालेला कागद चरात शिरतो आणि शाई उचलतो. पुढं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात अन् शाई पक्की होते.

चित्र उलटं उमटतं, म्हणून सहीसुद्धा उलटी कोरावी लागते. नाना फडणविसांच्या प्रोत्साहनानं पुण्यातल्या एका तांबटानं देवनागरी अक्षरं अशीच तांब्यावर उलटी कोरायला घेतली. त्यातून झालेली गीता १८०५ साली मिरजेत छापली गेली. वेलांट्या, काने, जोडाक्षरं सगळं उलटं! हे काम ड्यूररच्या सहीपेक्षा कैक पटींनी किचकट.

तांबं मऊ असतं. दर छपाईला पुसून आणि दाबून चर झिजतात. आधी जातात त्या उथळ, बारीक रेघा. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या की, कुठली आधीची, याचा अंदाज जाणकार या नाजूक रेघा पाहूनही बांधतात.