पेशीच्या गर्दीतला कंदील

आमच्या मानोरा तालुक्यात पोहरादेवीला रामनवमीची मोठी यात्रा भरते. त्या गर्दीत एकच माणूस कुठून कुठे गेला, हे लांबून कसं कळावं? रात्र असेल आणि त्याच्याच हाती कंदील असेल, तर माणूस दिसला नाही तरी उजेडाची वाट दिसते. फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाची युक्ती हीच.

पेशी जवळजवळ पारदर्शक असते. पूर्वी ती रंगवून पाहत. त्यात ती बहुधा मरे. १९६२ मध्ये ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधल्या हिरव्या चमकत्या प्रथिनाची नोंद केली. १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांनी त्याचं जनुक मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीत घातलं, आणि जिवंत कृमीच्या चेतापेशी चमकल्या. दोघांना २००८ चं नोबेल रॉजर त्सिएन यांच्यासह मिळालं.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट याच कृमीच्या चेतापेशींतली मालवाहतूक अभ्यासतो. असा माल सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर सरकतो. आपल्या कण्यापासून पावलापर्यंतचं मीटरभर अंतर या वेगानं, न थांबता, अकरा-बारा दिवसांचं! ही वाहतूक अडली की चेतापेशी खंगते. मेलेल्या पेशीत तिची हालचाल दिसणार कशी?

मात्र प्रखर उजेडानं पेशीला इजा होते, आणि चमकही विझत जाते. म्हणून नव्या यंत्रांत प्रकाशाचा पातळ पडदा टाकून पाहायचा तेवढाच थर उजळतात. जिवंतपण पाहायचं, तर उजेडही बेतानंच वापरावा लागतो.