घराजवळचा साप आणि फिनेलची रेघ

मृगाच्या सरी पडल्या, बिळांत पाणी शिरले, की गावाकडच्या घरांत सापाची काळजी सुरू होते. उंबऱ्याबाहेर फिनेल शिंपडले जाते, कोपऱ्यांत डांबरगोळ्या पडतात, कुणी लसूण-हिंगाचे पाणी मारतो, कुणी कार्बोलिक आम्लाची बाटली खिडकीत उघडी ठेवतो. जत्रेतून आणलेली गरुडाची शेंग एखाद्या दाराच्या चौकटीवर टांगलेली असते. या सगळ्यामागची भीती मुळीच खोटी नाही. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते आणि बहुतेक खेड्यांतले. भीती एवढी खरी असताना उपाय मात्र बिनकामाचा असावा, ही फार वाईट गोष्ट आहे. साप वासाला घाबरून घर सोडत नाही. घराभोवती त्याला खायला आणि दडायला काही उरले नाही, तरच तो तिथे मुक्काम करत नाही. आणि तरीही एखादा आलाच, तर अंधारात त्याची आणि माणसाची गाठ पडू न देणे बऱ्याच अंशी आपल्या हातात असते.

साप वास घेतो तो मुख्यतः जिभेच्या मदतीने. दुभंगलेली जीभ बाहेर काढून तो हवेतले आणि जमिनीवरचे सूक्ष्म कण टिपतो, तोंडात नेतो आणि टाळूजवळच्या जेकबसन इंद्रियाकडे पोचवतो. उंदीर कुठून गेला, मादी कुठल्या बाजूला आहे, हे त्याला असे कळते. इतके तीक्ष्ण इंद्रिय असलेल्या प्राण्याला उग्र वास असह्य होत असणार, हा तर्क वरवर पटतो. पण तो तपासला गेला आहे. अमेरिकेत १९८०च्या दशकात नॅफ्थलीन, म्हणजे आपल्या डांबरगोळ्या, आणि गंधक यांच्यासह लोकांच्या विश्वासातले अनेक पदार्थ सापांपुढे ठेवून पाहिले, तेव्हा साप ते ओलांडून गेले. ग्वाम बेटावर झाडांवरच्या एका उपद्रवी सापासाठी दालचिनी, लवंग अशा तेलांचे प्रयोग झाले आणि ती तेले फवाऱ्याने थेट अंगावर पडताच साप पळाले, हेही खरे. वनस्पतींच्या तेलांत काहीच दम नाही असे म्हणणाऱ्याने हा प्रयोग ध्यानात घ्यावा. पण अडचणीत दडलेल्या सापाला बाहेर काढायला हे कामाचे. अंगणात ओतलेले तेल आठवडाभर पहारा देईल, असा अर्थ त्यातून निघत नाही.

‘आम्ही फिनेल टाकतो आणि साप येत नाही,’ असे अनुभवाने सांगणारे पुष्कळ भेटतील. ते खोटे बोलत नाहीत. पण बाटली सहसा विकत आणली जाते ती साप दिसल्यावर, आणि दिसलेला साप बहुतेक वेळा वाटेवरचा असतो. फिनेल टाका न टाका, तो पुढे निघून जातो. वर्षातले बहुतेक दिवस कुठल्याच घरात साप येत नाही. न येण्याचे श्रेय द्यायचे तर शेजारचे फिनेल न टाकलेले घरही बघायला हवे, आणि तिथेही साप आलेला नसतो. शिवाय पावसाची एक जोरदार सर आली की फिनेलची रेघ गटारात जाते. रेघ गेली तरी एक वेळ चालेल, तिच्यामुळे आलेला बेफिकीरपणा घातक. ‘औषध टाकलंय’ म्हणून पोरे निर्धास्तपणे जमिनीवर झोपतात. कार्बोलिक आम्लाबद्दल तर स्पष्टच बोलले पाहिजे. ते कातडी भाजते, पोटात गेले तर जीव घेते, विहिरीत किंवा आडात उतरले तर पाणी बिघडवते. लहान मूल, कोंबड्या आणि कुत्री वावरणाऱ्या अंगणात त्याला जागा नाही.

मग साप घराकडे येतो कशाला? मागच्या दारी उभे राहून पाहिले की उत्तर सापडते. भिंतीला लागून सरपणाची रास, तिच्याखाली दोन पावसाळे न हललेल्या ढलप्या. शेजारी उरलेल्या विटा आणि कौले, त्यांच्यावर गुंडाळून टाकलेल्या ठिबकच्या नळ्या. न्हाणीचे सांडपाणी उघड्या चरातून अळूच्या वाफ्यात जाते. तिथे कायम ओल, म्हणून बेडूक. माळ्यावर धान्याची पोती, पोत्यांना उंदरांची भोके, खाली सांडलेले दाणे. पडवीच्या कोपऱ्यात रात्री कोंबड्या झाकायचा डालगा. सापाच्या दृष्टीने हे भरलेले कोठार आहे, आणि निवाराही तिथेच. आपल्याकडे माणसाच्या जिवावर बेतणारे मुख्य साप चार, आणि प्रत्येकाची ओढ थोडी वेगळी. नाग उंदीर, बेडूक आणि कोंबड्यांची अंडी-पिल्ले यांच्यामागे येतो. पूर्ण वाढलेली घोणस प्रामुख्याने उंदरांवर जगते, म्हणून ऊस, गवत आणि कडब्याच्या गंजीपाशी तिचा वावर. कोकणात आणि माळरानावर आढळणारे फुरसे विंचू, किडे, पालींवरही भागवते. जांभ्याच्या गडग्यातली फट त्याला पुरते. मण्यार पाली, बेडूक आणि इतर सापसुद्धा खातो. घरात लहानसहान साप राहू दिले तर त्यांच्या मागावर मण्यार येऊ शकतो, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

म्हणून पहिले काम उंदरांचे. धान्य पोत्यातून काढून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत भरणे, सांडलेले दाणे आणि खरकटे रात्रभर पडू न देणे, उंदरांची बिळे काचेचे तुकडे मिसळलेल्या मातीने किंवा सिमेंटने बुजवणे. खुराड्याला बारीक जाळी हवी आणि ते निजायच्या खोलीपासून लांब हवे. सरपण आणि कडबा घराजवळ लागतोच, गुरे असलेल्या घराला ‘अंगण मोकळे ठेवा’ हा उपदेश कोरडा वाटतो, आणि तो तसा आहेही. पण रास भिंतीपासून चार हात सरकवून जमिनीपासून फूट-दीड फूट उंच मांडणीवर रचली, की खालून उजेड दिसतो आणि दडायला अंधार उरत नाही. सांडपाण्याला शोषखड्डा, मोरीच्या तोंडाला जाळी, छपरावर टेकलेल्या फांद्या छाटणे, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी किंवा थोडा उंच उंबरा. फटीबाबत एवढेच सांगायचे की जिथून सापाचे डोके जाते तिथून बहुधा बाकीचे अंगही जाते, त्यामुळे करंगळी शिरेल ती फट बुजवण्याजोगी मानावी. ज्यांना परवडते त्यांनी मुलांच्या खेळण्याच्या जागेभोवती बारीक जाळीचे कुंपण करावे. तिचे खालचे टोक जमिनीत गाडलेले आणि वरचे बाहेर कललेले असावे. सगळ्या वाडीला असे कुंपण घालणे मात्र व्यर्थ, कारण एक फट राहिली की सारा खर्च वाया जातो.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा दिसेल तो साप मारून टाकावा, असे म्हणणारे आहेत. कायद्याने ते चालत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सापांना संरक्षण आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब जुळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावले, लोकांनी ती ढिगांनी मारून आणली, आणि आजही कोकणच्या कातळावर फुरसे आहेच. दगडाच्या फटी आणि खाणे शाबूत असेल, तर रिकामी झालेली जागा पुन्हा भरते. दुसरे म्हणजे काठीखाली सर्वात जास्त मरते ती धामण, कारण ती मोठी असते, दिवसा फिरते आणि सहज दिसते. ती बिनविषारी आणि उंदरांची मोठी शत्रू. तिला मारणारा उंदीर वाढवतो, आणि उंदीर घोणशीला बोलावतात. तिसरे, साप मारायला किंवा पकडायला जाणारा माणूस त्याच्या टप्प्यात स्वतःहून जातो. सापाला कोंडू नये, पळायला वाट ठेवावी, लांबून नजर ठेवावी आणि वनखात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला बोलवावे.

‘सगळं साफ केलं, तरी साप आलाच,’ ही तक्रारही खरी असते. शेत, ओढा, रान शेजारी असेल तर साप अधूनमधून जाणारच. म्हणून आपण मोजतो काय, ते बदलायला हवे. यंदा किती साप दिसले यापेक्षा दंश झाला की नाही, हे महत्त्वाचे. मण्यार रात्री फिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो, कूस बदलताना दाबला गेला की चावतो, आणि त्याचे दात इतके बारीक की पुष्कळदा वेदना होत नाही, खूण दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, बोलणे जड होते, आणि घरचे त्याला अपचनाचे औषध देत बसतात. अशा दंशापुढे झाडलेले अंगण अपुरे पडते. इथे कामाला येते ती खाट आणि चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी. आग्नेय नेपाळच्या खेड्यांत दंश झालेल्या आणि न झालेल्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंशाचा धोका फारच कमी असल्याचे त्यात आढळले. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात बूट, सरपणात हात घालण्याआधी काठीने हलवणे, हे त्याच यादीतले. आणि इतके करूनही दंश झालाच, तर आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, रक्त चोखणे, मांत्रिकाकडे नेणे यांत वेळ दवडू नये. चावलेला अवयव फळी लावून स्थिर ठेवावा, माणसाला चालवू नये, १०८ला फोन करून किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी रुग्णालय गाठावे. या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस तिथे मिळते.

या सगळ्या सूचनांवरचा सर्वात जड आक्षेप असा की त्या ज्यांच्याकडे अंगण, कोठी आणि खाट आहे त्यांच्यासाठी आहेत. तो मान्य केला पाहिजे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची कुटुंबे साखर कारखान्यांच्या पट्ट्यात येतात आणि पाचटाच्या कोपीत राहतात. कोपीला ना उंबरा, ना भिंत, ना दिवा. बाजूला उसाचे फड, फडात उंदीर, उंदरांमागे घोणस. तान्ही मुले पाचटावरच निजलेली असतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून सारे घर झोपते. या लोकांना अंगणाची शिस्त शिकवण्यात अर्थ नाही. जमिनीपासून वर झोपण्याची सोय त्यांना मिळायला हवी. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाविरुद्धचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३०पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले. लस आणि प्रशिक्षित डॉक्टर हे त्यातले खर्चाचे भाग आहेत आणि ते हवेतच. पण गडचिरोलीत हिवतापासाठी औषध लावलेल्या मच्छरदाण्या सरकारने वाटल्या आहेत, म्हणजे वाटपाची वाट ठाऊक आहे. तीच मच्छरदाणी मण्यारालाही अडवते. देताना फक्त तिच्या कडा अंथरुणाखाली खोचायला सांगायचे असते. गाळप सुरू होण्याआधी प्रत्येक कोपीला बांबूचा एक माचा, एक मच्छरदाणी आणि एक बॅटरी देणे कारखान्यांना जड जाऊ नये, आणि ती मागणी कामगारांच्या करारात उचलीच्या रकमेइतक्याच आग्रहाने लिहिली गेली पाहिजे.