विश्लेषण : नवा इम्पोर्टेड मिनी ट्रॅक्टर घेतलाय? पहिले ५० तास का महत्त्वाचे?

निफाड तालुक्यातल्या माझ्या मामांनी द्राक्षबागेसाठी परदेशी बनावटीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. शोरूममध्ये हार घातला, पेढे वाटले, चावी मिळाली. गोडी छाटणी झाली, फवारण्या सुरू झाल्या आणि नवव्या दिवशी पुढचे उजवे चाक डगमगू लागले. पाहिले तर दोन नट पडून गेलेले, बाकीचे हाताने फिरत होते आणि दोन स्टडचे आटे गेलेले. काम किरकोळ होते, पण त्या मापाचे स्टड जवळपास कुठेच मिळेनात. ते येईपर्यंत १२ दिवस गेले. वर ढगाळ हवा, बागेत डाऊनीची भीती आणि ब्लोअर ओढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने. पहिल्याच दिवशी पाच मिनिटे पाना फिरवला असता, तर हे सगळे टळले असते. नव्या ट्रॅक्टरचे नेमके काय आणि का तपासायचे, हे समजून घेऊ.

‘इम्पोर्टेड’ म्हणजे नेमके काय?

मिनी ट्रॅक्टरच्या बाजारात कुबोटा, यानमार, इसेकी, मित्सुबिशी ही जपानी नावे मोठी. पण नाव जपानी असले म्हणजे ट्रॅक्टर जपानहून आला, असे नाही. एस्कॉर्ट्स कंपनी २०२२ मध्ये ‘एस्कॉर्ट्स कुबोटा’ झाली. सोनालिका बनवणाऱ्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर्समध्ये यानमारचा हिस्सा आहे. महिंद्राची २०२३ मध्ये आलेली ‘ओजा’ मालिका मित्सुबिशीसोबत विकसित झाली, पण ती तेलंगणातल्या झहीराबादच्या कारखान्यात बनते.

म्हणून पहिला प्रश्न विक्रेत्यालाच विचारा : हा ट्रॅक्टर पूर्ण तयार होऊन बाहेरून आला, सुटे भाग येऊन इथे जोडला गेला, की इथेच बनला? चॅसिसवरची पाटी वाचा. उत्पादनाचा देश, महिना आणि वर्ष यावरून दोन गोष्टी कळतात. ट्रॅक्टर किती काळ उभा होता आणि त्याचे सुटे भाग किती लांबून येणार.

नव्या ट्रॅक्टरला तपासणी कशाला?

बाहेरून येणारा ट्रॅक्टर कंटेनरमध्ये बसावा म्हणून अनेकदा त्याची चाके, रोलबार किंवा इतर काही भाग काढून पाठवतात आणि इथे आल्यावर जोडतात. म्हणजे कारखान्यातली जोडणी वेगळी आणि गोदामातली वेगळी. वाहतुकीत ट्रॅक्टर हलू नये म्हणून टायरमध्ये जास्त हवा भरलेली असू शकते. समुद्रप्रवासात दमट हवा लागते. नंतर महिनोन् महिने उभे राहिल्याने बॅटरी उतरते.

दुसरे कारण लोखंडाचेच. नवीन नट कितीही घट्ट केला, तरी पहिल्यांदा भार आल्यावर रंगाचा थर दबतो, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात आणि नटाचा ताण कमी होतो. इंजिनीअरिंगच्या वर्गात हे एका आकृतीत शिकलो होतो, मामांच्या बागेत ते प्रत्यक्ष पाहिले. नट सैल होणे हा नेहमीच कुणाचा तरी हलगर्जीपणा असतो असे नाही. तो पुन्हा न तपासणे हा मात्र हलगर्जीपणाच.

ताबा घेताना मोबाइलमध्ये काय टिपावे?

- चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर. बिल, विमा आणि आरसीवरचे आकडे याच्याशी जुळायला हवेत.
- अवर मीटरचे रीडिंग. ट्रॅक्टरची वॉरंटी आणि सर्व्हिस तासांवर चालते. नव्या ट्रॅक्टरवर एक-दोन तास असणे साहजिक आहे, पण ३०-४० तास दिसले तर तो प्रात्यक्षिकासाठी वापरला होता का, ते विचारा.
- विक्रेत्याने डिलिव्हरीपूर्वी केलेल्या तपासणीचा सहीचा कागद. ‘सगळे चेक केले आहे’ हे तोंडी आश्वासन वॉरंटीच्या वेळी कामाला येत नाही.
- ऑपरेटर मॅन्युअल आणि पार्ट्सची यादी. मॅन्युअल तुम्हाला वाचता येईल अशा भाषेत मागा.

पहिल्या दिवशी पाना कुठे लावायचा?

सुरुवात चाकांपासून. पुढच्या आणि मागच्या चाकांचे नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याइतके घट्ट करा. टॉर्क पाना नसेल तर सर्व्हिस सेंटरच्या माणसाला घेऊन यायला सांगा. पहिल्या काही तासांच्या कामानंतर ते पुन्हा तपासा आणि पहिले ५० तास रोज सकाळी एक नजर टाका. नटावर आणि रिमवर रंगाची एकच रेघ ओढून ठेवली तर नट फिरला की लगेच दिसते.

त्यानंतर रोलबार, पुढच्या ॲक्सलचे माउंटिंग, स्टेअरिंगचे जोड, थ्री पॉइंट लिंकेजच्या पिना, सीटचे बोल्ट आणि सायलेन्सर. प्रत्येक ग्रीस निपलला ग्रीस द्या. ग्रीस आत जात नसेल तर निपल रंगाने बुजलेले असू शकते. टायरची हवा मॅन्युअलप्रमाणे कमी-जास्त करा. बॅटरीच्या टर्मिनलवरचे क्लॅम्प आवळा. साधा मल्टीमीटर असेल तर इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवे.

रेडिएटरचे झाकण इंजिन गार असतानाच उघडा आणि कूलंट पाहा. त्यात नुसते पाणी भरलेले असेल तर विक्रेत्याकडून योग्य कूलंट भरून घ्या. शेवटी ट्रॅक्टर तासभर चालवा, सपाट जागी उभा करा आणि खाली पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग दिसला तर गळती कुठे आहे ते कळेल.

तेलाची चूक इतकी महाग का पडते?

गावात सर्वाधिक होणारी चूक हीच. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरमध्ये गिअर, हायड्रॉलिक लिफ्ट आणि तेलात बुडालेले ब्रेक या तिघांना एकच तेल लागते. या तेलाने एकाच वेळी तीन कामे करायची असतात : गिअरच्या दातांना वंगण द्यायचे, लिफ्टला दाब द्यायचा आणि ब्रेकच्या प्लेटांना पकड सोडू द्यायची नाही. ओळखीच्या मेकॅनिकने ‘गिअरबॉक्स आहे, मग ९० नंबर टाकू’ म्हणून जाड तेल भरले, तर लिफ्ट जड चालते, ब्रेक आवाज करतात आणि हायड्रॉलिक पंपावर ताण येतो.

म्हणून डबा घेताना ब्रँड नंतर पाहा. मॅन्युअलमध्ये लिहिलेला तेलाचा दर्जा डब्यावर आहे का, ते आधी पाहा. इंजिन ऑइलचेही तसेच. आणि बिल जपून ठेवा. स्वतः तेल बदलले तर वॉरंटीच्या दाव्यात हेच बिल पुरावा ठरते.

पहिले ५० तास ट्रॅक्टर कसा चालवावा?

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा लायनरवर अजून पूर्ण बसलेल्या नसतात. त्या बसायला मध्यम भार लागतो. म्हणून दोन टोके टाळायची. पहिल्याच दिवशी खोल रोटाव्हेटर लावून इंजिन दमवायचे नाही आणि ‘जपून वापरतो’ म्हणून तासन् तास रिकामे चालू ठेवायचेही नाही. हलकी मशागत, कमी वजनाची ट्रॉली, कमी-जास्त होणारा वेग असे मिश्र काम उत्तम. सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-तीन मिनिटे थांबा, मग भार द्या.

फोर व्हील ड्राइव्ह असेल तर डांबरी रस्त्यावर तो काढून ठेवा. या ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने फिरतील अशी रचना असते. मऊ मातीत हा फरक घसरून निघून जातो. रस्त्यावर मात्र तो टायर आणि गिअरवर येतो. याच कारणाने पुढे कधी टायर बदलताना वेगळ्या मापाचे टायर बसवू नका.

५० तासांनंतर काय बदलायचे?

सुरुवातीच्या काळात गिअर आणि बेअरिंग एकमेकांवर बसताना लोखंडाचा बारीक चुरा तेलात उतरतो. त्यामुळे बहुतेक मॅन्युअलमध्ये पहिली सर्व्हिस ५० तासांच्या आसपास सांगितलेली असते. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, हायड्रॉलिकचा फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये सांगितले असल्यास गिअरबॉक्सचे तेलही. क्लचचा फ्री प्ले, फॅन बेल्टचा ताण आणि ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे लागतात का, हेही याच वेळी पाहिले जाते. ‘तेल तर स्वच्छ दिसतेय’ म्हणून ही सर्व्हिस पुढे ढकलू नका. चुरा डोळ्यांना दिसण्याइतका मोठा नसतो.

द्राक्षबागेत वेगळी काळजी कोणती?

ब्लोअरने उडवलेले औषधाचे तुषार, गंधक, धूळ आणि पानांचे तुकडे हे सगळे रेडिएटरच्या जाळीवर बसते. फवारणीच्या दिवसांत जाळी रोज काढून साफ करा. रेडिएटरला हवा मारताना आतून बाहेरच्या दिशेने आणि कमी दाबाने मारा, नाहीतर पत्र्याच्या पातळ पापण्या वाकतात. एअर फिल्टर चाकावर आपटून झटकू नका. तो फाटला तर धूळ थेट इंजिनात जाते.

पीटीओचा वेग ही दुसरी गोष्ट. अनेक औजारे ५४० फेऱ्यांवर चालण्यासाठी बनवलेली असतात, पण काही कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरमध्ये पीटीओचे एकापेक्षा जास्त वेग असतात. चुकीचा लिव्हर पडला तर ब्लोअरचा पंखा मर्यादेपेक्षा जोरात फिरतो. पीटीओ शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे कव्हर काढून ठेवू नका आणि इंजिन बंद केल्याशिवाय शाफ्टजवळ हात नेऊ नका.

तिसरी गोष्ट रोलबारची. मांडवाखाली जाताना तो दुमडावा लागतो. उभा असेल तेव्हा सीट बेल्ट लावायचा, दुमडलेला असेल तेव्हा लावायचा नाही. बागेतून बाहेर पडलात की रोलबार पुन्हा उभा करा. अरुंद ट्रॅक्टर बांधावर आणि उतारावर लवकर कलतो.

सुटे भाग मिळतील का, हे आधी कसे कळेल?

शक्य असेल तर ट्रॅक्टर घेण्यापूर्वीच विक्रेत्याच्या पार्ट्स काउंटरवर तीन वस्तू मागून पाहा : डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट आणि क्लच प्लेट. तिन्ही हातात मिळाल्या तर उत्तम. ‘मागवून देतो’ असे उत्तर आले, तर किती दिवसांत, ते विचारा. ट्रॅक्टर घेतलाच असेल तर सगळ्या फिल्टरचा एक जादा संच, फॅन बेल्ट आणि चाकाचे चार नट-स्टड घरात ठेवा. प्रत्येक भागाच्या नंबरचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.

थोडक्यात वेळापत्रक

- रोज : इंजिन ऑइल, कूलंट, चाकांचे नट, रेडिएटरची जाळी, गळती.
- दर आठवड्याला : टायरची हवा, ग्रीस, डिझेल फिल्टरच्या वाटीत साचलेले पाणी, बॅटरीचे टर्मिनल.
- ५० तासांनी : पहिली सर्व्हिस, तेल आणि फिल्टर.
- त्यानंतर : मॅन्युअलमधील तासांप्रमाणे. तारीख, तास आणि केलेले काम एका वहीत लिहा.

मामांनी अशी वही आता सीटखालच्या डब्यात ठेवली आहे. पहिल्या पानावर स्टडचा पार्ट नंबर आहे.