बोट थांबत नाहीं : नॉर्वेच्या किनाऱ्यावरील प्रवासाची आंखणी

समुद्रपर्यटनास निघणाऱ्या कुटुंबाचें सारें लक्ष बहुधा बोटीकडे असतें. खोली कोणत्या मजल्यावर मिळाली, खिडकी समुद्राकडे आहे कीं नाहीं, जेवणांत शाकाहाराची सोय होईल काय, ह्या गोष्टींची चौकशी अगदीं बारकाईनें होते. परंतु बोटीवर चढण्यापूर्वींचे दोन दिवस, वाटेंतील बंदरांत मिळणारे दोनतीन तास आणि बोटीवरून उतरल्यानंतरची परतीची वाट, ह्यांचा विचार मात्र ‘तेथें गेल्यावर पाहूं’ म्हणून पुढें ढकलला जातो. प्रवास फसतो तो बहुधा येथेंच. बोटीचें वेळापत्रक कंपनीनें आंखलेलें असतें. जमिनीवरचें वेळापत्रक ज्याचें त्यानें आंखावयाचें असतें, आणि तें बोटीच्या वेळापत्रकाशीं जुळवूनच आंखावें लागतें. हें कसें साधावें तें समजून घेण्यास नॉर्वेच्या किनाऱ्यावरील बोटीइतकें चांगलें उदाहरण क्वचितच सांपडेल.

नॉर्वेच्या पश्चिमेकडील बर्गेन शहरापासून रशियाच्या सरहद्दीजवळील किर्केनेसपर्यंत जाणारा आणि तेथून परत फिरणारा हा जलमार्ग सुमारें २५०० सागरी मैलांचा आहे. वाटेंत चौतीस बंदरें लागतात आणि बर्गेनहून निघालेली बोट बाराव्या दिवशीं दुपारीं पुनः बर्गेनला येते. हा मार्ग सुरू झाला तो पर्यटनासाठीं नव्हे, टपालासाठीं. एकोणिसाव्या शतकांत ट्रॉन्डहाइमहून हॅमरफेस्टला पत्र पोंचावयास उन्हाळ्यांत तीन आठवडे आणि हिवाळ्यांत पांच महिन्यांपर्यंत काळ लागे. दीपगृहें तुरळक, नकाशे अपुरे आणि उत्तरेकडील हिवाळ्यांत दिवसाचा उजेड जवळजवळ नाहींच. अशा स्थितींत रात्रीं बोट हांकण्यास कोणी धजत नसे. कप्तान रिचर्ड विथ व त्यांच्या वाटाड्यानें मात्र कोणत्या दिशेनें, किती वेगानें, किती वेळ जावयाचें ह्याच्या नोंदी वर्षानुवर्षें ठेवल्या होत्या. त्या नोंदी, एक होकायंत्र आणि एक घड्याळ यांच्या भरंवशावर २ जुलै १८९३ रोजीं ‘व्हेस्टेरोलेन’ ही बोट ट्रॉन्डहाइमहून निघाली व ५ जुलैला हॅमरफेस्टला पोंचली.

कोकणच्या किनाऱ्यावरील उतारू बोटी पावसाळ्याचे महिने बंद ठेवाव्या लागत. नॉर्वेंतील ही बोट बारा महिने चालते. कारण अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळें तेथील बंदरें आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेसही खुलीं राहतात. २०२१ पासून दोन कंपन्या मिळून हा मार्ग चालवितात. एकंदर अकरा बोटी असून बर्गेनहून दररोज एक निघते. ती पर्यटकांना जशी नेते, तसाच गांवोगांवचा माल आणि एका बंदराहून दुसऱ्या बंदरास जाणारे स्थानिक उतारूही नेते. म्हणूनच ती लहान बंदरांत पंधरावीस मिनिटेंच थांबते, प्रसंगीं पहांटे तीन वाजतांही धक्क्यास लागते, आणि ठरलेली वेळ झाली कीं सुटते.

ह्या वेळापत्रकांत एक खुबी आहे, आणि ती ओळखल्याशिवाय कोणतीही आंखणी करूं नये. उत्तरेकडे जातांना जीं बंदरें रात्रीं लागतात, त्यांतील बहुतेक दक्षिणेकडे येतांना दिवसा लागतात. आणि जीं दिवसा लागलीं, तीं परतीच्या वाटेवर रात्रींच्या अंधारांत निघून जातात. ट्रॉम्सो येथें जातांना दुपारीं चार तास मिळतात. येतांना तेथें मध्यरात्र असते. ऑलेसुंड जातांना दिवसाउजेडीं दिसतें. येतांना मध्यरात्र उलटून गेलेली असते. उलट हॅमरफेस्ट जातांना भल्या पहांटे लागतें व येतांना सकाळीं सवडीनें पाहतां येतें. व्हेस्टेरोलेन बेटांची रांग तर जातांना रात्रींच्या झोंपेंत हरवते आणि येतांना भर दिवसा दोन्ही बाजूंनीं उलगडते. ज्या कुटुंबास बारा दिवस काढणें शक्य नाहीं व जें एकाच दिशेचें तिकीट घेणार, त्यानें कोणतीं ठिकाणें आपल्या हातून सुटणार हें आधींच पाहावें. बारा दिवसांच्या उतारूनें प्रत्येक बंदरापुढें ‘जातांना’ किंवा ‘येतांना’ असा एकच शब्द लिहून ठेवावा. म्हणजे एकाच गांवासाठीं दोनदां धांवपळ होत नाहीं.

बंदरांतील वेळेचा हिशेब करतांना आणखी एक चूक नेहमीं होते. बोट तीन तास थांबणार म्हणजे आपल्याला तीन तास मिळाले, असें धरलें जातें. प्रत्यक्षांत उतरण्यास आणि पुनः चढण्यास मिळून अर्धापाऊण तास जातो. ट्रॉन्डहाइमचेंच उदाहरण घ्यावें. तेथें पाहण्यासारखें मुख्य स्थान म्हणजे निडारोस येथील प्रार्थनामंदिर. १०३० मध्यें लढाईंत पडलेल्या ओलाव्ह राजाच्या समाधिस्थानावर तें उभें असून त्याच्या बांधकामास १०७० मध्यें आरंभ झाला. धक्क्यापासून तें पायीं सुमारें अर्ध्या तासावर आहे. जाणें, येणें आणि मंदिर नीट पाहणें एवढ्यांत तीन तास भरतात. त्यांतच बाजार, जुना पूल आणि वस्तुसंग्रहालय बसवूं पाहणारा एकही गोष्ट धड पाहूं शकत नाहीं. ऑलेसुंडचें तसें नाहीं. २३ जानेवारी १९०४ च्या आगींत तें लांकडी शहर जवळजवळ संपूर्ण जळालें, आणि पुढील तीन वर्षांत एकाच शैलींत दगडविटांनीं पुनः उभें राहिलें. तेथें शहर हेंच प्रेक्षणीय स्थळ असल्यामुळें धक्क्यावरून उतरून नुसतें रस्त्यांतून फिरलें तरी पुरतें.

कांहीं ठिकाणीं बोटीच्या घड्याळाबरोबर निसर्गाचें घड्याळही पाहावें लागतें. बोडोपासून रस्त्यानें सुमारें तेहतीस किलोमीटरांवर साल्टस्ट्राउमेन नांवाची अरुंद सामुद्रधुनी आहे. भरती-ओहोटीचें पाणी तींतून इतक्या जोरानें आंतबाहेर करतें कीं जगांतील अत्यंत प्रबळ भरतीप्रवाहांत त्याची गणना होते. मोठमोठे भोंवरे उठतात ते प्रवाह ऐन भरांत असतांना. दर सहा तासांनीं तो उलटतो तेव्हां पाणी शांत असतें. बोडोला बोट तीन तासांच्या आंतच सुटते. तेव्हां त्या दिवशींच्या भरतीची वेळ आधीं न पाहतां जो मोटार ठरवील, त्याला पैसे देऊन स्तब्ध पाणी पाहून परतावें लागण्याचा संभव आहे.

होनिंग्सव्हॉग बंदराहून नॉर्डकाप, म्हणजे उत्तर भूशिर, सुमारें चौतीस किलोमीटर आहे. समुद्रांतून ३०७ मीटर उभा उठलेला तो कडा पाहण्यासाठींच पुष्कळ लोक हा प्रवास करतात. बोट तेथें साडेतीन तासांच्या आसपास थांबते. एवढ्या वेळांत भूशिर पाहून परत येतां येतें, दुसरें कांहीं होत नाहीं. खरें पाहतां त्या बेटाचें सर्वांत उत्तरेकडील टोंक हें नव्हेच. तें पश्चिमेस क्निव्हशेलोडेन येथें आहे, आणि तेथें जावयास जातांयेतां अठरा किलोमीटर पायपीट करावी लागते. ती ज्याला करावयाची असेल, त्यानें होनिंग्सव्हॉगला मुक्कामच केला पाहिजे. ऋतूचाही विचार येथेंच करावा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तेथें सूर्य मावळत नाहीं. म्हणून त्या दिवसांत उत्तरेचा ध्रुवप्रकाश दिसण्याची आशा धरूं नये. हिवाळ्यांत तो दिसण्याचा संभव असतो. पण तेव्हां भूशिराच्या रस्त्याचा शेवटचा भाग बर्फ काढणाऱ्या गाडीमागें रांगेनेंच ओलांडावा लागतो.

किनाऱ्यावरील सहलींत एक प्रकार विशेष सोयीचा आहे. त्यांत उतारू एका बंदरांत उतरतो, मोटारीनें जमिनीवरून जातो आणि पुढच्या बंदरांत तीच बोट गांठतो. दक्षिणेकडे येतांना हारस्टाडला उतरून ट्रॉन्डेनेसचें मध्ययुगीन दगडी प्रार्थनामंदिर पाहून सोर्टलांडला बोट धरतां येते; उन्हाळ्यांत उत्तरेकडे जातांना गायरांगरच्या खाडींत उतरून डोंगरांतून मोल्डेला जातां येतें. अशी सहल कंपनीमार्फतच घ्यावी. कंपनीच्या मोटारीस उशीर झाला तर उतारूस बोटीपर्यंत पोंचविण्याची जबाबदारी तिची असते. स्वतः ठरविलेल्या मोटारीस उशीर झाला तर ती जबाबदारी उतारूची. मग सामान बोटीबरोबर पुढें जातें आणि मालक मागें राहतो. नकाशावर पुढचें बंदर चार बोटांवर दिसलें, तरी प्रत्येक खाडीला वळसा घालणाऱ्या रस्त्यानें तें दिवसभराच्या अंतरावर असूं शकतें. म्हणून जमिनीवर उतरतांना पारपत्र, पैसे आणि रोजचीं औषधें खिशांत असावींत, आणि सुटण्याच्या वेळेपूर्वीं अर्धा तास धक्क्यावर हजर व्हावें.

आतां मुक्कामांचा विचार. बोटीपूर्वींचा मुक्काम हा चैनीचा भाग नसून विम्यासारखा आहे. बर्गेनहून रोज बोट निघते हें खरें, पण आजची चुकल्यास उद्यांच्या बोटींत खोली रिकामी असेलच असें नाहीं, आणि ती बोट दुसऱ्या कंपनीचीही असूं शकते. मुंबईहून निघणाऱ्यानें विमानाचा विलंब व हरवलेलें सामान यांसाठीं निदान दोन रात्री हातांत ठेवाव्या. ऑस्लोला उतरून बर्गेनला आगगाडीनें जावें. १९०९ मध्यें पुरी झालेली ती लोहमार्गाची वाट फिन्से येथें १२२२ मीटर उंचीवरून जाते व सुमारें सात तासांत बर्गेनला पोंचविते. वाटेंत म्युर्डालला गाडी बदलून वीस किलोमीटरांच्या तीव्र उताराच्या मार्गानें फ्लोमला खाडीच्या कांठीं उतरावें, तेथें एक रात्र राहावें, आणि दुसऱ्या दिवशीं नेरॉयफियोर्डमधून नावेनें गुडव्हांगेनला व पुढें व्हॉसमार्गें बर्गेनला जावें. समुद्राच्या मोठ्या बोटीला जेथें शिरावयाचें नाहीं, असा देशाचा आंतला भाग ह्यांत पाहून होतो.

बर्गेनच्या धक्क्यावर ब्रिग्गेन नांवाची जुन्या लांकडी वखारींची रांग आहे. जर्मन व्यापाऱ्यांनीं शतकानुशतकें तेथें सांठविलेला मुख्य माल म्हणजे उत्तरेकडून येणारी सुकी कॉड मासळी. ही मासळी येते तीं लोफोटेन बेटें पाहण्यासाठीं दुसरा मुक्काम प्रवासाच्या मध्यावर करावा. उत्तरेकडे जाणारी बोट स्वोल्व्हेरला रात्रीं नऊच्या सुमारास लागते आणि तासाभरांत सुटते; तेवढ्यांत लोफोटेन पाहिलें असें कोणीही म्हणूं नये. येथेंच रोजच्या बोटीचा उपयोग होतो. बर्गेन ते स्वोल्व्हेर आणि स्वोल्व्हेर ते किर्केनेस अशीं दोन टप्प्यांचीं तिकिटें काढावीं आणि मध्यें दोनतीन रात्री ‘रोर्बू’ म्हणजे कोळ्यांच्या पाण्यावरील लांकडी खोलींत राहावें. दोन्ही टप्पे एकाच कंपनीचे असल्यास त्या दिवशीं तिचीच बोट आहे ना, हें मात्र तपासावें. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत कॉडचा हंगाम असतो. मासळी मिठाशिवाय, केवळ थंड वाऱ्यावर, लांकडी मांडवांवर सुकविली जाते. ऑगस्टांत गेलेल्यास डोंगर तेच दिसतील, पण मांडव रिकामे असतील.

शेवटचा मुक्काम उतरल्यानंतरचा. किर्केनेसला प्रवास संपविणारे विमानानें ऑस्लोला परततात; त्याच दिवशीं मुंबईचें विमान धरण्याचा मोह टाळावा. मध्यें एक रात्र असली म्हणजे वाऱ्यानें झालेला उशीर भरून निघतो. नॉर्वे युरोपीय संघांत नसला तरी २००१ पासून शेंगेन क्षेत्रांत आहे. तेव्हां प्रवेशपत्राचा अर्ज करतांना केवळ बोटीचे दिवस न धरतां आधींचे व नंतरचे सर्व मुक्काम मोजावे आणि वर दोनतीन दिवस अधिक मागावे. प्रवासविम्याच्या तारखाही तशाच घ्याव्या.

घरांतील वडील माणसें बरोबर असतील तर आणखी एक पथ्य पाळावें. रोज प्रत्येक बंदरांत उतरण्याचा हट्ट धरूं नये. दोन बंदरें पाहिल्यावर तिसऱ्यास कठड्याशीं खुर्ची टाकून माल चढतांउतरतांना पाहावा. ह्या बोटीवर तेंही पाहण्यासारखें आहे.

इतकी आंखणी केली म्हणजे प्रवासांतील मोकळेपणा जातो, असें कोणी म्हणेल. अनुभव उलट येतो. होनिंग्सव्हॉगला भूशिराहून वेळेवर परतलेल्या माणसाला बोट सुटण्यापूर्वीं थोडा वेळ उरतो. धक्क्याजवळच एक साधें पांढरें प्रार्थनामंदिर आहे. १९४४ च्या शरद ऋतूंत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें हा सारा प्रदेश जाळीत नेला, तेव्हां त्या गांवांत उभी राहिली ती एवढी एकच इमारत. युद्धानंतर परतलेल्या लोकांना पहिला आसरा तिनेंच दिला. ती पाहावयास दहा मिनिटें पुरतात. धांवत बोट गांठणाऱ्याला मात्र तीं दहा मिनिटें कधींच मिळत नाहींत.