दगडावर नसलेली गोष्ट

आसनगाव स्टेशनात उतरून शहापूरकडे येताना माहुलीचा डोंगर दिसतो. त्याच्या सुळक्यांना आमच्याकडे नवरा, नवरी आणि भटजी म्हणतात. वऱ्हाड चालले होते आणि उभ्या जागी त्याचा दगड झाला, असे आजी सांगायची. पुढे शाळेत गुरुजींनी सांगितले की १६३६ साली शहाजीराजे याच माहुलीवर वेढ्यात अडकले होते. ते ऐकून आम्ही पोरे माना डोलवत असू. पण घरी जाताना बघायचो ते नवरा-नवरीकडेच. माणसाचा स्वभावच असा आहे. दगड दिसला की त्याला त्यात आधी जोडपे दिसते.

हे आठवायचे कारण गोवा. बँकेच्या नोकरीत बदलीचा कागद कुठे नेऊन टाकील याचा नेम नसतो. १९९४ साली त्याने मला पणजीला नेले. दोना पावला हे नाव तोवर सिनेमामुळे ठाऊक होते. १९८१ साली ‘एक दूजे के लिए’ बघायला आम्ही चार मित्र कल्याणला गेलो होतो आणि परतताना लोकलमध्ये कोणी कोणाशी बोलले नव्हते. त्यामुळे पहिल्याच रविवारी सौभाग्यवतींना घेऊन त्या धक्क्यावर गेलो.

तिथे गाइड लोक जी गोष्ट सांगतात ती अशी. दोना पावला ही बड्या पोर्तुगीज घराण्यातली मुलगी. तिचे गास्पार दियश नावाच्या कोळ्यावर प्रेम बसले. घरच्यांनी लग्नाला नकार दिला आणि तिने या कड्यावरून समुद्रात उडी घेतली. कोणी म्हणतो, दोघांना बांधून ढकलून दिले. चांदण्या रात्री ती गळ्यात मोत्यांची माळ घालून पाण्यातून वर येते म्हणतात. बाजूच्या खडकावर एक पांढरे जोडशिल्प आहे. लोक त्यालाच ते प्रेमी समजून फोटो काढतात. आम्हीही काढला. वास्तविक ते इर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकर्तीने १९६९ साली केलेले शिल्प. त्याचे नाव ‘इमेज ऑफ इंडिया’. म्हणजे इथेही नवरा-नवरी आमचे आम्हीच बघितले होते!

पुढच्या वर्षी फेस्ताच्या निमित्ताने एक गोवेकर सहकारी मला काब भूशिरावरच्या कपेलात घेऊन गेला. ही जागा राज्यपालांच्या निवासस्थानाच्या आवारात असल्यामुळे एरवी सहजासहजी आत जाता येत नाही. तिथे दोना पावलाच्या नावाची जुनी समाधीशिला आहे. सहकाऱ्याला पोर्तुगीज येत होते. त्याने सांगितले, ही बाई वारली १६ डिसेंबर १६८२ रोजी. सौतो मायोर या उमराव घराण्यातली ती लग्न झालेली बाई. या भागात त्या घराण्याची जमीन होती आणि गावाला नाव पडले ते तिचेच.

मी बँकेतला माणूस. मृत्यूचा दाखला समोर आला की वारसांच्या गोष्टी मी बाजूला ठेवतो. त्या काळी आत्महत्या केलेल्या माणसाला चर्चच्या पवित्र जागेत पुरत नसत. कड्यावरून उडी घेतलेल्या मुलीची शिला कपेलात कशी असेल? आणि तो कोळी? पणजीजवळच्या मिरामार किनाऱ्याचे जुने नाव गास्पार दियश. ते तिथल्या एका जमीनदारावरून पडलेले. त्याच नावाचा किल्लाही तिथे होता. म्हणजे गोष्टीतल्या गरीब कोळ्याला साधे स्वतःचे नावसुद्धा मिळालेले नाही. तेही जमीनदाराकडून उसने!

कपेलापासून जवळच इंग्रजांची एक जुनी दफनभूमी आहे. नेपोलियनच्या धास्तीने १७९९ ते १८१३ या काळात इंग्रजी फौज गोव्यात येऊन राहिली होती, त्या वेळची ही आठवण. तिथल्या दगडांखालीही कोणाची तरी माणसे आहेत, पण त्यांची गोष्ट मी कोणाच्या तोंडून ऐकली नाही.

दोना पावला गेली त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजीमहाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले आणि गोवा शहर हादरले. त्याआधीची अस्वस्थ वर्षे या बाईने पाहिली असणार. तिने संसार केला, एवढ्या मोठ्या घराचा कारभार पाहिला असेल, चारचौघींसारखी चिडली-हसली असेल. गोष्टीला त्यातले काहीच नको आहे. गोष्टीला फक्त कड्यावरचा तो एक क्षण हवा, आणि तोही बहुधा तिच्या आयुष्यात आलाच नव्हता.

त्या संध्याकाळी घरी परतताना मला माझी आत्या आठवली.

आत्या गेली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. आमच्या मळ्यातल्या विहिरीत ती सापडली. घरात सांगितले गेले, पाय घसरला. गावात सांगितले गेले, पलीकडच्या पाड्यावरच्या एकाशी तिचे मन जुळले होते. आजोबांनी त्याच महिन्यात तिची सोयरीक ठरवली होती, एवढे मात्र मला आठवते. तो मुलगा पुढे गाव सोडून गेला. आजही त्या विहिरीची वाट टाळणाऱ्या बाया आहेत. पौर्णिमेला तिथे बांगड्या वाजतात म्हणे. गोष्ट चांगली रंगली आहे.

लहानपणी मला या गोष्टीचा राग यायचा. मोठा झाल्यावर, कादंबऱ्या लिहू लागल्यावर, खरे सांगतो, मोहही पडला. दोन वेळा ती लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडले. कारण लेखणी प्रत्येक वेळी थेट विहिरीच्या काठावर जाऊन उभी राहायची. घरच्यांनी ‘पाय घसरला’ म्हणून तिचे तोंड मिटवले होते. गावाने तिला बांगड्या वाजवणारी हडळ केले होते. मी तिची नायिका करायला निघालो होतो. तिघांनाही तिच्या मरणाशीच मतलब होता.

दोना पावलाकडे निदान एक दगड आहे. कोणीही जाऊन तारीख वाचावी आणि म्हणावे, बाईसाहेब, तुम्ही उडी मारली नाहीत, आमचीच चूक झाली. आत्याचा दगड नाही, फोटो नाही. श्राद्धाच्या पानांत तिचे पान कधी वाढले गेले नाही. वडील गेल्यावर मी सर्वपित्रीला एक पान जास्त वाढायला लावले. कोणाचे, हे मुलांनी विचारले. तेव्हा पहिल्यांदा तिच्याविषयी घरात मोठ्याने बोललो.

विहिरीचे मी काही सांगितले नाही, कारण तिथे काय झाले ते मला ठाऊक नाही. जे ठाऊक आहे ते सांगितले. तिला हिशेब फार चांगला येत असे. भाताची पोती मोजताना आजोबा तिला शेजारी उभी करत. पावकी, निमकी, पाउणकी मला तिने शिकवली, ओसरीवर बसवून, चुकलो की कान पिळून. पस्तीस वर्षे बँकेत मी आकडे मांडले ते तिच्या जिवावर.

दगड तर नाही. निदान कागदावर एवढे तरी असू दे.